किडीला एक-चौदाचा उतारा वाचता येत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नारळ का महागले यावर आपल्या दैनिकात अधूनमधून छापून येते. नारळ काढणारे पाडेली मिळत नाहीत, माकडे शहाळी फोडतात, माडांची भाटे विकली जातात. सगळे खरे आहे. पण एक गुन्हेगार दर वेळी सुटतो, कारण तो रात्री काम करतो आणि माडावर चढल्याशिवाय दिसत नाही. गेंड्या भुंगा. त्याच्याविषयी आणि त्याच्या निमित्ताने फवारणी, सापळे, ‘औषधे’ यांविषयी लिहितो आहे. पत्र लांबले तर मधून कुठूनही कापा, पण शेवटचा परिच्छेद कापू नका. तो एका माणसासाठी आहे.

मी सावईवेऱ्याचा, वय 67. सरकारी बसवर 31 वर्षे कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर वडिलांचे कुळागर बघू लागलो. पोफळी, केळी, पोफळींवर चढवलेली मिरी, दोन जायफळे, वरच्या अंगाला डोंगरात काजू आणि 62 माड. आता 51 आहेत. तीन वर्षांत अकरा गेले.

पहिला माड गेला तेव्हा मला काहीच कळले नव्हते. पाडेल्याने वरून एक चुडत, म्हणजे झावळी, खाली टाकले आणि म्हणाला, “हे बघा.” लहानपणी आपण कागदाची घडी घालून कात्री मारायचो आणि घडी उलगडली की तोरण व्हायचे, तसे ते चुडत दोन्ही बाजूंनी त्रिकोणी कापलेले होते. कारणही तेच. पान उमलायच्या आधी घडी मिटलेल्या कोंबात असते, तेव्हाच भुंगा त्यातून आरपार भोक पाडतो. पान महिन्यांनी उलगडते तेव्हा कात्री दिसते. म्हणजे खाली उभे राहून मी जे नुकसान बघत होतो ते कितीतरी आधी होऊन गेलेले होते. पाडेली उतरला तेव्हा त्याच्या मुठीत भुंगाही होता. अंगठ्याएवढा, काळा कुळकुळीत, नाकावर शिंग, पोटाखाली तांबूस लव. मुठीत इतका जोर करत होता की पाडेल्याने तो माझ्या हातात दिला आणि मी दचकून टाकला.

गेंड्या एकटा क्वचितच माड मारतो. त्याने केलेल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून माड हिरवागार. बुंध्याला कान लावला तर आत करकर ऐकू येते म्हणतात. मी लावला आणि ऐकूही आली. पण तोवर उशीर झाला होता. पंधरा दिवसांत शेंडा कलला.

आता औषधाचे सांगतो. आमच्याकडे विषाला औषध किंवा वखद म्हणायची पद्धत आहे आणि मीही तेच म्हणत आलो. 2003 साली आमच्या माडांना कोळी लागला होता. तुम्हाला आठवत असेल, नारळ लहान राहायचे, सोडणावर तपकिरी खरूज उठायची, सोलताना हात फुटायचे. ही कीड 1998 मध्ये केरळात दिसली आणि बघता बघता किनाऱ्याने वर आली. त्या वेळी मुळातून औषध द्यायची रीत होती. माडाचे एक कोवळे, जिवंत मूळ उकरून काढायचे, टोक तिरके कापायचे, मोनोक्रोटोफॉस आणि पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी त्याला बांधायची. मूळ रात्रीत पिशवी रिकामी करते. पुढे 45 दिवस त्या माडाचा नारळ उतरवायचा नाही. मी नऊ माडांना पिशव्या बांधल्या आणि खोडांवर चुन्याने फुल्या मारल्या. फार शास्त्रशुद्ध काम केले असे मला वाटत होते.

बाविसाव्या दिवशी मी बेळगावच्या फेरीवर होतो. घरी आईला ताप. तिने शहाळे मागितले. शेजारचा मुलगा चढला आणि सर्वांत ठेंगण्या माडावरून दोन उतरवून दिली. त्या माडावर फुली होती, पण ती पाटाच्या बाजूला, आणि पोरगा चढला दुसऱ्या बाजूने. मी रात्री आलो तेव्हा सोपानावर शेंडा उडवलेली दोन शहाळी पडलेली. एक रिकामे होते, एक अर्धे. आईला काही झाले नाही, हे आधीच सांगतो. पण ती रात्र मी बसून काढली. तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारून बाहुल्या बारीक झाल्या आहेत का बघत होतो, कारण बाटलीबरोबरच्या कागदावर तसे लक्षण लिहिले होते. सकाळी तिला खरे सांगितले. ती म्हणाली, “माडाक वीख घातलां तुवें?” एवढेच. रागाने नाही, जणू मी कुणाशी तरी लग्न केल्याचे तिला उशिरा कळले होते.

माझी फुली चुकीच्या बाजूला होती, ही माझी चूक. पण ज्या पद्धतीत माणसाला 45 दिवस एकही चूक करायची सवलत नाही, ती पद्धत घरामागच्या भाटात वापरायची नसते, एवढे मला त्या रात्री पटले. दहा वर्षांनी, 2013 च्या जुलैमध्ये, बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून 23 मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात हेच मोनोक्रोटोफॉस निघाले. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो ठेंगणा माड आठवला.

बसमध्ये तर काय काय बघितले. एकदा चोर्ला घाटात एका उतारूच्या पिशवीतून बाटली गळू लागली. लसणासारखा उग्र वास सगळ्या गाडीत. त्याच पिशवीत पावाची लादी आणि पोरासाठी घेतलेली चप्पल. त्याने शांतपणे बाटलीचे बूच आवळले, पाव वरच्या पिशवीत ठेवला आणि खालची जमीन मी आपल्याच दैनिकाच्या रद्दीने पुसली. साखळीला गाडी थांबली तेव्हा त्याच हातांनी दोघांनी चहा घेतला. यवतमाळला 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त मजूर दगावले, त्यांची चौकशी, समित्या सगळे झाले. तोंडाला टॉवेल बांधून, अनवाणी, वाऱ्याच्या तोंडावर फवारणारा माणूस मात्र आजही तुम्हाला फोंड्यापासून वाळपईपर्यंत कुठेही दिसेल.

बाटल्यांवर रंगीत चौकोन असतो, उभा, टोकावर तोललेला. खालचा अर्धा लाल असेल तर अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, इतकाच अर्थ. आमच्या वाड्यावरचे निम्मे लोक हिरवा चौकोन म्हणजे सेंद्रिय समजतात. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शाकाहारी, तसे. आतल्या कागदावर मराठी असते खरी, पण ते अक्षर वाचायला मला तिकिटाच्या मागची छपाई वाचायची 31 वर्षांची सवय कामी आली. एका दुकानदाराला मी विचारले की तणनाशक असे पाण्याच्या बाटलीत सुटे कसे देता? तो म्हणाला, “काका, तुम्हाला किती हवे?” ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच मारावे, असा केंद्राचा हुकूम 2022 च्या ऑक्टोबरात निघाला. माझ्या पाटाच्या कडेने ते मारणारा माणूस रोजंदारीवरचा होता आणि त्याच्या पायात एकच चप्पल होती.

हे वाचून मला सेंद्रियवाला समजू नका. त्या पंथाचीही मला थोडी भीती वाटते. आमच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी शहरातून एक जोडपे येऊन राहिले, माणसे चांगली आहेत, पण त्यांच्या मते गोमूत्राने सर्व काही जाते. दशपर्णी अर्क मीही केला. दहा पाने गोळा करताना कडुनिंबापाशी अडलो, कारण आमच्या वाड्यावर कडुनिंबाचे एकही झाड नाही. फोंड्याहून आणला. वालीवरचा मावा कमी झाला, हे खरे. भुंग्याने अर्काकडे बघितलेही नाही.

आणि पोफळींच्या कोळेरोगाला तर मी दर वर्षी बोर्डो मारतो, मारणार. पावसाआधी एकदा आणि पुढे उघडीप मिळाली की पुन्हा. फ्रान्सच्या बोर्दो भागात द्राक्षांसाठी 1885 च्या सुमारास निघालेले मिश्रण आमच्या पोफळींनी आपले करून घेतले आहे. 100 लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचे आणि मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतायचे, उलटे नाही. मग वडिलांची परीक्षा. घासून लखलखीत केलेला कोयता त्यात बुडवून थोडा वेळ धरायचा. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला, आणखी घाला. नाही आली तर चालले. वडील शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण ही परीक्षा त्यांनी कधी चुकवली नाही. तांबे जमिनीत साठते, हे मला ठाऊक आहे. पण सुपारीचे पीक कोळेरोगाने गेले तर कुळागराला पाणी घालायलाच कुणी उरणार नाही. तेव्हा रसायन की सेंद्रिय, या भांडणात मला रस नाही. माझे भांडण वेगळे आहे आणि ते मला सापळ्याने शिकवले.

अकरावा माड गेल्यावर एका कृषी सहायकाने गंधसापळा लावायला सांगितले. झाकणाची बादली, बाजूंना भोके, आत मादी-नर दोघांनाही ओढणाऱ्या गंधाची पुडी, तळाशी थोडे पाणी. औषधाचा थेंब नाही. पहिल्या सकाळी 14 भुंगे. मी मोजले, कोंबड्यांना घातले, शेजाऱ्यांना सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी अकरा. महिनाभराने मला शंका आली. 51 माडांच्या भाटात इतके भुंगे येतील कुठून? बायको म्हणाली, “तुम्ही अख्ख्या वाड्याला जेवायला बोलावलंय.” अगदी तसेच होते. सापळा मी कुळागराच्या मध्यावर, रोपांच्या जवळ टांगला होता. आजूबाजूच्या भाटांतले भुंगे वासावर येत होते आणि त्यांतले काही बादलीत पडायच्या आधी माझ्या रोपांवर उतरत होते. सापळा रोपांपासून दूर, हद्दीवर टांगायचा असतो. हद्दीवर नेला. पण मूळ प्रश्न तसाच उरला. भुंगा माझ्याकडे येत होता, पण वाढत होता दुसऱ्याकडे.

गेंड्याच्या अळ्या माडावर नसतातच. त्या कुजलेल्या शेणखतात, कुजलेल्या ओंडक्यात वाढतात, चार-सहा महिने. माझ्या गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, फावडे घातले तर वीतभर खोलीवर पांढऱ्या, जाड, कुंडली घालून बसलेल्या अळ्या निघाल्या, डोके विटकरी. मी स्वतःच त्यांना पोसत होतो. यावर एक बुरशी मिळते, मेटारायझियम. जुने गोवे येथे एल्याला केंद्र सरकारची किनारी शेतीची संशोधन संस्था आहे, केरळात कासरगोडला नारळ-सुपारीची आहे, तिथले लोक कित्येक वर्षे ही सांगत आहेत. पावडर पाण्यात कालवून गायरीत मिसळली, वर चुडते झाकून ओल धरली. काही आठवड्यांनी उकरले. अळ्या तिथेच होत्या, पण खडूसारख्या कडक. काहींवर पांढरी कापसासारखी साय, काहींवर शेवाळी हिरवी भुकटी. एक मी मोडली, तर टक्‌ आवाज झाला. नातवाने ती काडेपेटीत घालून शाळेत नेली आणि बाईंचा ओरडा खाऊन आला.

माझी गायरी अशी साफ झाली. शेजारच्या चौघांनाही सांगितले, त्यातले तिघे लगेच तयार झाले. चौथ्याने विचारले की याला सबसिडी आहे का. इथेच माझे भांडण सुरू होते.

आपल्याकडे शेतीची प्रत्येक योजना एका माणसाच्या नावावर असते. कृषी कार्ड त्याचे, जमिनीचा एक-चौदाचा उतारा त्याचा, अर्ज त्याचा, पंप त्याचा, पिशवी त्याची. विषाच्या बाटलीला हे सोयीचे आहे. ती तुमच्या झाडावर मारा, तुमच्यापुरता परिणाम लगेच दिसतो. सापळा, बुरशी, मित्रकीटक यांचे तसे नाही. त्यांना हद्द समजत नाही, कारण किडीलाच ती समजत नाही. पावसाळी काकडी आणि चिबडाचे बघा. क्यू ल्यूर या गंधाच्या सापळ्यात फळमाशीचे नुसते नर येतात. माझ्या मळ्यातले सगळे नर मेले तरी पलीकडून पोटात अंडी घेऊन आलेली मादी माझ्याच चिबडात सुई टोचणार. दहा घरांनी एकाच आठवड्यात सापळे लावले तर चिबूड वाचतो, एकट्याने लावले तर बादलीतल्या माश्या मोजायचे समाधान तेवढे मिळते. जपानने ओकिनावा बेटांवरून काकडीवर्गातली फळमाशी पूर्ण घालवली, 1993 मध्ये तसे जाहीर केले. वांझ केलेल्या माश्या सोडून, बेटामागून बेट. तिथे प्रत्येक शेतकऱ्याने आपापला अर्ज भरला असता तर ती आजही तिथेच असती.

उलट बाजूनेही हेच. माझ्या डोंगरातल्या काजूवर हुमले असतात, पाने शिवून घरटी करणारे तांबडे मुंगळे. लहानपणी वडील पेटती चूड घेऊन त्यांची घरटी जाळायचे, कारण बोंडू काढणाऱ्या बायकांना ते फोडून खात. मीही तेच केले. पुढे लक्षात आले की ज्या झाडांवर हुमले आहेत, त्यांची पालवी ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीने कमी करपते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काजूच्या बागांमध्ये हेच मुंगळे मुद्दाम पाळून बघितले आहेत, असे नंतर वाचनात आले. जाळणे बंद केले. बायका शिव्या देतात, मी मजुरीत थोडी वाढ देतो. दोन वर्षे बरी गेली. मग पलीकडच्या डोंगराच्या मालकाने ऐन मोहरात फवारणी करून घेतली. वारा आमच्या बाजूचा. तिसऱ्या दिवशी घरट्यांची पाने वाळून लोंबत होती आणि झाडाखाली मुंगळ्यांचा तांबडा सडा. त्याच्याकडे तक्रार करायला गेलो तर तो म्हणाला, “माझ्या जमिनीत मारले.” कायद्याने त्याचे बरोबरही असेल.

याच ढेकण्यासाठी कासरगोडात सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारत होते. हेलिकॉप्टर तर हद्दीच्या फार वरून जाते. खाली विहिरी होत्या, घरे होती. फवारणी 2000 साली थांबली, सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2011 रोजी देशभर बंदी घातली, 2017 मध्ये पीडितांना पाच-पाच लाख द्यायला सांगितले. मी शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर मडगावहून रेल्वेने कासरगोडला गेलो होतो, नारळाची रोपे बघायला. ज्या जिल्ह्यात हिरव्या बुरशीचे संशोधन चालते त्याच जिल्ह्यात हे घडले. परतीच्या गाडीत आम्ही त्यावर फारसे बोललो नाही. रोपे कुठे ठेवायची यावरच वाद चालला होता.

माझे आजोळ दिवाडीला, खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताच्या, काठी. सात-आठ वर्षांचा असताना एका पावसाळी रात्री बांधाला भगदाड पडल्याची हाक आली. मामा, शेजारी, कुळे, सगळे टोपल्या घेऊन धावले. मी कंदील धरून. खारे पाणी आत येत होते. चिखलाची टोपली हातोहात पुढे जायची. कुणाचे शेत बुडते आहे, हे त्या रात्री कुणी विचारले नाही, कारण बांध फुटला तर सगळ्यांचीच भातशेती तीन वर्षे गेली. बांध आणि मानस, म्हणजे पाण्याची दारे, यांची जबाबदारी एकट्यादुकट्याची नव्हती. आधी ती कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, होती, नंतर कूळ कायद्याने कुळांच्या संघटनांकडे गेली. त्यांचे पुढे काय झाले तो वेगळा विषय, त्यावर आपल्याकडे पुष्कळ पत्रे येतात. माझा मुद्दा एवढाच आहे की बांध सामाईक असतो, हे गोव्याला शेकडो वर्षे ठाऊक आहे. भुंगा हे तसलेच भगदाड आहे, फक्त ते वर शेंड्यात पडते.

म्हणून सरकारकडे मागणे असे की गंधसापळे, बुरशी, मित्रकीटकांची ट्रायकोकार्डे यांची मदत माणसाला देऊ नका, वाड्याला द्या. वाड्यातल्या तीन-चतुर्थांश घरांनी सह्या केल्या तर सगळ्यांना फुकट, नाहीतर कुणालाच नाही. मग चौथ्या शेजाऱ्याला पटवायचे काम आम्ही करू, सरकारपेक्षा बरे करू. दुसरे, मेलेल्या माडाचे काहीतरी करा. 2016 मध्ये गोव्याच्या कायद्याने माडाला झाडांच्या यादीतून काढले, 2017 मध्ये परत घेऊन राज्यवृक्ष केले. चांगलेच झाले. पण राज्यवृक्ष मेल्यावर त्याचे खोड भुंग्यांचे बाळंतघर होते. मालक परदेशी, घराला कुलूप, खोड तसेच उभे. पंचायतीत विचारले तर मालकाची परवानगी आणा. मालकाचा पत्ता विचारला तर तो देता येत नाही.

असे एक घर माझ्या खालच्या अंगाला होते. मालक पोर्तुगालमध्ये, तीन माड मेलेले, एक आडवा होऊन कुजलेला. त्यांची जुनी मुंडकारीण, म्हणजे त्यांच्या जमिनीत घर असलेली, मावशी बाजूलाच राहते. तिच्या मुलीने मोबाइलवर मालकाला फोटो पाठवले, माझ्या बादलीचेही. दोन दिवसांनी त्यांचा आवाजी निरोप आला, अर्धा कोंकणीत, अर्धा पोर्तुगीजमध्ये. पहिला अर्धा आम्हाला कळला: कापा, जाळा, आणि आंगणातल्या तुळशीला पाणी घाला. ख्रिस्ती घरात तुळस कशी, म्हणून मी मावशीकडे बघितले, तर ती म्हणाली, “ती माझी. त्यांच्या पायांनी, म्हणजे वडिलांनी, लावलेली.” आम्ही सहा जणांनी रविवारी ते आडवे खोड फोडले. साधारण एका हाताच्या लांबीत 43 अळ्या निघाल्या. मी मोजल्या, मला मोजायची सवय आहे. त्यानंतर माझ्या सापळ्यातला रोजचा आकडा सातवरून तीनवर आला. कधी एक, कधी शून्य.

आपल्यालाही एक विनंती. आपण रोज राशिभविष्य छापता, भरती-ओहोटीच्या वेळा छापता. पंधरवड्यातून एकदा चार ओळींची जागा किडीला द्यावी. कोणत्या भागात ढेकण्या दिसला, फळमाशीचे सापळे कधी लावायचे, बोर्डोची उघडीप कधी. माझी रास कन्या आहे आणि मी रोज वाचतो, पण कन्येला अजून कधी फळमाशीची सूचना मिळालेली नाही.

आता तो परिच्छेद. आमच्या वाड्यावर देवळाच्या उतरणीला, विहिरीच्या वर एक निळ्या खिडक्यांचे घर आहे. मालक मुंबईला असतात आणि हे दैनिक इंटरनेटवर वाचतात, असे ऐकतो. साहेब, तुमच्या भाटात दोन माडांचे शेंडे गळून पडले आहेत आणि मागची जुनी गायरी रानाने झाकली आहे. आम्हाला घराची किल्ली नको, नारळही नकोत. माडांवर आणि गायरीवर हात घालायला परवानगी आहे, असे दोन ओळींत मुंडकारणीच्या मुलीच्या मोबाइलवर कळवा. कोयते, करवत आणि माणसे आमची. पावसाच्या आत कळवलेत तर बरे, कारण मग वाट बुजते.

आपला नम्र,
एक कुळागरकार,
सावईवेरे, फोंडा – गोवा